चोच मारते का, ते आधी पाहा

ताई, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. घरी सात कोंबड्या अन् एक कोंबडा, सगळे गावरान. त्यातली काळी माझ्या माहेरची. तिनं दहा-अकरा अंडे दिले, ते आम्ही रोज उचलले, खुणेचं एक तेवढं टोपल्यात ठेवलं. आता सहा दिवस झाले, कोठ्यात त्याच टोपल्यात बसून आहे. दाण्याले येत नाही. पिसं फुगवलेले, तुरा पांढरट पडला, पोटाखालचे पिसं गेले. परवा अंगणात एवढी मोठी अन् अशी वासाची शीट टाकली का विचारू नका. सासूबाई म्हणतात खुडूक झाली, अंडे उबवाले बसली, पाण्यात बुडवून काढा. आमचे हे म्हणतात बिमारी आली, मरायच्या आधी कापून टाकू. मागच्या महिन्यात शेजारच्या तीन कोंबड्या एकाएकी गेल्या, तेव्हापासून त्यांनी धास्तीच घेतली. मी मेडिकलमधून जुलाबाची गोळी आणून पाव-पाव दोनदा दिली. घरात तिघांचे तीन मतं, मले काहीच समजून नाही राहिलं. खुडूक आहे का बिमार, कसं ओळखू? ता. क. ते खुणेचं अंडं आता खाल्लं तर चालते का?
(एक वाचक, जि. यवतमाळ)

ताई, आधी सुरी जागेवर ठेवायला सांगा. आणि ती गोळ्यांची पट्टीही.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. परवा तिनं अंगणात शीट टाकली, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ती टोपल्यातून उठली, कोठ्याबाहेर आली, अंगणात मोकळी झाली आणि परत जाऊन बसली. आजारी कोंबडी एवढे कष्ट घेत नाही. ती बसल्या जागी घाण करते, शेपटीखालची पिसं बरबटून घेते. खुडूक कोंबडी मात्र टोपलं खराब करत नाही. दिवसभराचं धरून ठेवते आणि एकदाच उठते तेव्हा सगळं एकदम टाकते. म्हणून ती शीट एवढी मोठी, म्हणून तो वास. त्याला जुलाब म्हणत नाहीत. तुम्ही दिलेली गोळी नसलेल्या रोगावरची होती.

ती दाण्याला येत नाही, हेही मी पुरतं खरं धरत नाही. तुम्हाला दिसत नाही, एवढंच. अशी कोंबडी दिवसातून एकदा, फार तर दोनदा उठते, तेही पंधरा-वीस मिनिटांसाठी. आणि नेमकी वेळ साधते ती पहाटेची, किंवा दुपारी घरातली माणसं आडवी झालेली असतात तेव्हाची. खात्री करायची तर टोपल्यापासून चार हातांवर वाटीत मोजून मूठभर ज्वारी ठेवा, बाकीच्या कोंबड्या तिथं येणार नाहीत अशी. संध्याकाळी वाटी पाहा.

पण पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली, आणि नेमकी तीच मला हवी होती. तुम्ही टोपल्यात हात घातला तेव्हा ती काय करते?

असं बघा, तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत ती दोन्हीकडं लागू पडतात. फुगून बसणं, एका जागी राहणं, दाणा कमी होणं, तुरा फिका पडणं. खुडूक कोंबडीत हे सगळं असतं आणि आजारी कोंबडीतही असतं. त्यामुळं तुमच्या सासूबाई आणि तुमचे यजमान दोघंही तीच कोंबडी पाहून दोन वेगळ्या गोष्टी बोलतात, यात नवल नाही. फरक तिच्या स्वभावात पडतो. खुडूक कोंबडी चिडकी होते. एरवी गरीब असलेली कोंबडीसुद्धा हात जवळ नेला की मानेची पिसं उभी करते, घशातल्या घशात गुरगुरते आणि मनगटावर सणसणीत चोच हाणते. आजारी कोंबडी उलटी. एरवी हाताला न लागणारी कोंबडी मुकाट्यानं उचलू देते. ती सोशिक झाली, माणसाळली, असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे तिच्यात पळायचं बळ उरलेलं नसतं.

हे मी शहाणपणानं शिकले नाही. माझ्याकडं पहिल्या वेताची म्हणावी अशी एक तांबडी तलंग होती, अंड्यावर येऊन महिनाही झाला नव्हता. एका सकाळी ती टोपल्यात जाऊन बसली ती उठेना. मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, खुडूक झाली. तिच्या पोटाखाली नऊ अंडी सरकवली. सरकवताना तिनं एकदाही चोच मारली नाही, आणि मी म्हटलं, किती गुणाची. तिसऱ्या दिवशी ती मेलेली सापडली. पोट फाडून पाहिलं तर आत मऊ कवचाचं अंडं अडकलेलं. तिच्या त्या गुणी बसण्यात दोन दिवसांच्या कळा होत्या, आणि मी तिला वर नऊ अंड्यांची जबाबदारी दिली होती. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न हाच असतो, चोच मारते का.

म्हणून आज संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, एवढं करा. भर दुपारी करू नका, ते का ते पुढं सांगते. दोन्ही पंख अंगाशी दाबून तिला उचला. उचलताना पंखाखाली ते खुणेचं अंडं अडकलेलं नाही ना, एवढं चाचपा. नाहीतर वरून पडून फुटतं. तिला अंगणात सावलीत, पाणी आणि दाण्याजवळ ठेवा आणि मागं सरून घड्याळ लावून पंधरा मिनिटं बघत बसा. लेकरांना आणि कुत्र्याला लांब ठेवा.

खुडूक असेल तर पहिला मिनिटभर ती ठेवल्या जागी चपातीसारखी पसरून बसेल. घाबरू नका, ती अजून मनानं टोपल्यातच असते. मग एकदम भानावर आल्यासारखी उठेल, सगळं अंग फुगवून, शेपूट पसरून, खुडूक खुडूक असा तुटक आवाज काढत घाईघाईनं चालू लागेल. पाणी पिईल, अधाशासारखे दाणे टिपेल, शीट टाकेल, धुळीत लोळलीच तर थोडं लोळेल. मध्ये कोणी कोंबडी आली तर तिच्या अंगावर जाईल. आणि मग सरळ कोठ्याची वाट धरेल. आजारी असेल तर जिथं ठेवली तिथंच, पाठीला पोक काढून, मान अंगात ओढून उभी राहील. डोळे मिटेल. पंख खाली लोंबतील. दाण्याकडं बघेल, एखादा उचलेल आणि टाकून देईल. बाकीच्या कोंबड्यांनी टोचलं तरी हलणार नाही. पंधरा मिनिटांनी ती टोपल्याकडं निघाली नाही, तर मला पत्र लिहिण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

आणखी एक गंमत करून पाहा. ती परत जाऊन बसली की दुसरं एक अंडं, नसेल तर अंड्याएवढा बटाटा, तिच्या समोर टोपल्याच्या कडेला हळूच ठेवा. खुडूक कोंबडी ते चोचीच्या खालच्या बाजूनं ओढत ओढत पोटाखाली घेते. बटाटासुद्धा घेते, तिचं त्या बाबतीत काहीच म्हणणं नसतं. आजारी कोंबडी त्याकडं पाहतही नाही. अंडं अडकलेली तर नाहीच नाही. ती ऊठ-बस करते, टोपल्यात जाते, बाहेर येते, शेपूट वरखाली हलवत जोर करते आणि पाय फाकवून चालते. अशी दिसली तर घमेल्यात सोसवेल इतपत कोमट पाणी घेऊन तिचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटं त्यात बुडवून धरा, मागच्या वाटेला गोडेतेल लावा आणि अंधाऱ्या शांत जागी ठेवा. पोट दाबू नका. अंडं आतच फुटलं तर मग वाचणं कठीण. चार-सहा तासांत सुटका झाली नाही तर डॉक्टरच पाहिजेत.

आता हातानं तपासायचं. हे रात्री करा, अंधारात कोंबडी शांत असते. तिला मांडीवर घ्या. तुमच्या घरात कोणीतरी म्हणेलच की अंग तापलंय, ताप आहे. कोंबडीचं अंग नेहमीच आपल्याला तापलेलं लागतं, कारण तिचं धडधाकट असतानाचं तापमानच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आपल्याला एवढा ताप आला तर आपण दवाखान्यात असू. त्यातून खुडूक कोंबडीच्या पोटावरची पिसं जातात आणि उघड्या कातडीची ऊब थेट अंड्याला मिळते. तुम्ही लिहिलेली पोटाखालची गेलेली पिसं ती हीच. खरूज नाही. कातडी गुलाबी, स्वच्छ, गरम असेल तर तो भाग सोडून द्या.

गळ्याखाली दाण्याची पिशवी असते ती चाचपा. संध्याकाळी तिच्यात थोडे दाणे लागले म्हणजे पोटात काहीतरी जातंय. सकाळी ती रिकामी हवी. सकाळीही कणकेच्या गोळ्यासारखी भरलेली असेल आणि तोंडाला आंबूस वास येत असेल तर तो वेगळा आजार. मग छातीचं मधलं हाड. खुडूक कोंबडी वजनानं उतरतेच, पण सहा दिवसांत ते हाड विळ्याच्या धारेसारखं हाताला लागत नाही. तसं लागलं तर ती सहा दिवसांची नाही, महिन्याभराची दुखणाईत आहे; पोटात जंत असतील किंवा आणखी काही. तुरा फिका पडणं चालतं. अंडी देणं थांबलं की तुरा आक्रसतो आणि रंग सोडतो. निळा-जांभळा पडला तर मात्र चालत नाही.

उवांकडं नीट बघा, मला तुमच्या काळीच्या बाबतीत सगळ्यात जास्त शंका तिथंच आहे. खुडूक कोंबडी धुळीत लोळणं जवळजवळ सोडते, आणि उवांना तेच हवं असतं. शेपटीखाली आणि पंखाच्या बगलेत पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिसांच्या बुडाशी पांढरट पुंजके दिसले तर ती उवांची अंडी. टोपल्याच्या विणीत बारीक लाल गोचिडीसारखे किडे लपलेले असतात, ते दिवसा दिसत नाहीत. रात्री मोबाइलची बॅटरी लावली की पळताना दिसतात. ते रात्रभर रक्त पितात. तुरा पांढरा पडायला तेही कारण होतं, आणि चांगली बसलेली कोंबडी अर्ध्यात अंडी सोडून उठते तीही पुष्कळदा यांच्यामुळंच. टोपल्यातलं कुटार बाहेर नेऊन जाळा, टोपलं दोन दिवस कडक उन्हात टाका, नवं कुटार आणि थोडा वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. चुलीची राख आणि बारीक माती एकत्र करून उथळ खड्ड्यात टाका, ती उठली की तिथं लोळेल. एक हात जोडून विनंती. कपाशीवर मारायची पावडर घरात पडलेली असते म्हणून ती कोंबडीच्या अंगावर किंवा टोपल्यात भुरभुरू नका. यवतमाळात २०१७ साली फवारणीनं धडधाकट माणसं गेली. कोंबडी ती काय, किलो-दीड किलोचा जीव.

उन्हाचं. तुमचं पत्र आलं तेव्हा नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला दोन दिवस होते. आपल्याकडं या दिवसांत पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे हवा कोंबडीच्या अंगापेक्षाही गरम. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून सोडून बसते. खुडूक कोंबडीही पंख पसरूनच बसते, त्यामुळं लांबून दोन्ही सारखंच दिसतं, आणि टिनाखालच्या कोठ्यात चिडकी, धडधाकट, खुडूक कोंबडी बसल्या बसल्या उन्हानं मरू शकते, कारण ती जागा सोडत नाही. म्हणजे खुडूक आहे हे ठरलं म्हणून काळजी मिटली असं नव्हे. चोच उघडी दिसली तर त्याच दिवशी टोपलं कवेलूच्या छपराखाली किंवा घरातल्या गार कोपऱ्यात हलवा. हलवायचं ते अंधार पडल्यावर, तिला आतच ठेवून. दिवसा हलवलं तर ती जुन्या जागेवर परत जाते. माठातलं पाणी तिच्या चोचीला पोचेल असं ठेवा. भर दुपारी तिला उचलून तपासायचं नाही म्हटलं ते यासाठीच. हातात धडपडली की आणखी तापते.

तुमच्या यजमानांची धास्ती मी हसण्यावारी नेत नाही. शेजारच्या तीन कोंबड्या कशा गेल्या हे आज जाऊन विचारा. मान पिळवटली होती का, गोल गोल फिरत होत्या का, शीट हिरवी आणि पाण्यासारखी होती का, श्वास घरघरत होता का, तिघी चार-पाच दिवसांच्या आत गेल्या का. हे सगळं असेल तर मानमोडी. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात, कारण आपल्या देशात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो उत्तराखंडातल्या राणीखेत गावी. तो विषाणूचा रोग आहे, त्याला औषध नाही, आणि तो एकटीला गाठून गप्प बसत नाही. लागण झाल्यापासून साधारण आठवड्याभरात, फार तर पंधरवड्यात दिसतो. शेजारचं प्रकरण मागच्या महिन्यातलं, तुमच्या बाकीच्या सहा कोंबड्या अंगणात उकरत फिरताहेत आणि एकटीच टोपल्यात बसली आहे. हे मानमोडीचं चित्र नाही. पण उद्या दुसरी, परवा तिसरी पेंगायला लागली तर माझं हे पत्र बाजूला ठेवा आणि १९६२ वर फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो क्रमांक फुकट लागतो. एकाएकी पुष्कळ कोंबड्या गेल्या, तुरे निळे पडले, तोंडं सुजली, तर बर्ड फ्लूचीही शंका धरावी लागते. २००६ साली नवापुरात तो आला तेव्हा आपल्याला सगळं नवं होतं, आता तसं म्हणायची सोय नाही. म्हणून मेलेल्या कोंबडीला उघड्या हातानं धरायचं नाही, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकायची नाही. तपासणीला काय ठेवायचं ते डॉक्टर सांगतील. ते पुरायला सांगतील तेव्हा खोल खड्डा, वर चुना.

मरायच्या आधी कापून टाकू, हे आपल्याकडं घरोघर चालतं. मला ते पटत नाही. कोंबडी आजारी नसेल तर तुम्ही धड कोंबडी गमावली, आणि आजारी असेल तर सगळ्यात जास्त घाण, रक्त आणि पिसं तुम्ही स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हातानं पसरवली. शिवाय काळीच्या पोटात आता दोन वेळची गोळी आहे. माणसाची गोळी कोंबडीच्या मांसात आणि अंड्यात किती दिवस राहते, हे त्या गोळीत काय आहे त्यावर ठरतं. ती पट्टी डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तोवर तिचं काही खाऊ नका.

आता सासूबाईंकडं येऊ. त्यांचं निदान बहुधा बरोबर आहे, उपाय मात्र मला मान्य नाही. पाण्यात बुडवणं, पाय बांधून ठेवणं, नाकात पीस ओवणं, हे सगळं मी पाहिलंय. नाकात पीस ओवलेली कोंबडी दोन दिवस शिंकत, डोकं झटकत फिरते, टोपलं विसरते हे खरं. पण आपल्या नाकात काडी घालून कोणी आपल्याला एखादी गोष्ट विसरायला लावली तर आपण त्याला उपाय म्हणणार नाही. थंड पाण्याचा हेतू पोटाखालची ऊब मोडायचा. तो हेतू बरोबर आहे. तेवढंच सरळ मार्गानं करता येतं. अंगणात सावलीला जुनी बाज टाका, तिच्यावर बुरुडाकडचं विरळ विणीचं टोपलं पालथं घाला आणि काळीला त्याखाली ठेवा. कुटार नाही, चिंध्या नाहीत. पाणी आणि दाणे आत द्या, टोपल्यावर दगड ठेवा. बाजेच्या विणीतून खालून वारा लागत राहतो, पोट गार राहतं, बसायला मऊ अंधारी जागा मिळत नाही. तीन-चार दिवसांत ती उभी राहून इकडंतिकडं बघायला लागते. सोडल्यावर टोपल्याकडं न जाता उकिरड्याकडं गेली की खुडूकपणा मोडला समजा. पुढं दोन-तीन आठवड्यांत परत अंड्यावर येते. रात्री मात्र बाज घरात घ्या. मुंगसाला आणि मांजराला विरळ विणीचं टोपलं म्हणजे ताटावरचं झाकण.

मोडावं की बसवावं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते, आणि दहा-पंधरा अंड्यांनंतर बसायला बघते. अंडी विकायची तर हा बसण्याचा काळ तोट्याचा वाटतो. पण गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित कोंबड्या क्वचितच अशा बसतात. त्यांच्या पिलांसाठी उबवणी यंत्र लागतं. तुमची माहेरची काळी फुकटात, विजेशिवाय, २१ दिवसांत पिलं काढून वर त्यांना घारीपासून सांभाळायलाही तयार आहे. मी असते तर असली कोंबडी जपली असती.

फक्त हे दिवस वाईट आहेत. अंड्याला साडेसदतीस अंशाच्या आसपास ऊब लागते. टिनाखाली ४५ अंश असताना कोंबडी अंडी उबवत नसते, शिजण्यापासून वाचवायला बघत असते. शिवाय मे महिन्यात घरात चार दिवस पडलेलं अंडं कोंबडीविनाच अर्धवट वाढायला लागतं आणि आतल्या आत मरतं. तुमच्याकडं मातीच्या भिंतींची, कवेलूची गार खोली असेल आणि तीन दिवसांच्या आतली, न धुतलेली, कोंबडा असलेल्या कळपातली अंडी मिळत असतील तर सात-आठ ठेवून बसवा. हिवाळ्यात दहा-बारा ठेवली असती. बसवल्यापासून सातव्या-आठव्या रात्री एकेक अंडं मोबाइलच्या उजेडावर धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ठेवा, स्वच्छ पारदर्शक दिसलं तर काढून टाका. पिलं निघतील ती जूनच्या मध्याला, पहिल्या पावसात. त्यांना कोरडी जागा लागेल, ओल्या जमिनीवर पिलांना रक्ती हगवण लवकर लागते. आणि त्याच दिवसांत तुमच्या घरात पेरणीचं बियाणं येईल. औषध लावलेलं रंगीत बियाणं ओसरीवर सांडलं की कोंबड्या आधी तिथं जातात, आणि मग आपण म्हणतो, कालपर्यंत चांगल्या होत्या. एवढी व्यवस्था होत नसेल तर आत्ता बाजेवर टाका आणि दिवाळीनंतर ती परत बसेल तेव्हा बसवा.

तिच्या आहाराचं फार काही नाही. आख्खी ज्वारी, तांदळाची कणी, थोडा हिरवा पाला. कच्चं सोयाबीन घालू नका, घरात कितीही पडलेलं असलं तरी. ते तिला पचत नाही. अंड्यांची टरफलं भाजून, कुटून मिसळलीत तर बाकीच्या सहांना कवचासाठी उपयोग होईल. टरफल ओळखू येईल असं देऊ नका, अंडी फोडायची खोड लागते.

लसीचं तेवढं शेजारणींशी बोला. मानमोडीची लस पिलाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात, मग आठ-दहा आठवड्यांची झाली की टोचून. कुपी शंभर-शंभर कोंबड्यांची असते, बर्फात आणावी लागते आणि पातळ केल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून सात कोंबड्यांसाठी कोणी आणत नाही आणि सगळ्यांच्याच राहून जातात. गल्लीतल्या सात-आठ घरांनी मिळून एक दिवस ठरवला तर दवाखान्यातला माणूस येतो. आधीच पेंगत असलेल्या कोंबडीला मात्र लस देऊ नका, तिला उपयोग होत नाही.

ता. क. चं उत्तर. नाही, ते अंडं खाऊ नका. कोंबडा घरात आहे आणि ती सहा दिवस त्यावर बसली आहे, तेव्हा आत शिरा धरल्या असतील, नाहीतर या उकाड्यात ते सडत असेल. फोडून बघायची उत्सुकता असेल तर घराबाहेर, वाऱ्याकडं पाठ करून फोडा. पुढच्या वेळी खुणेला प्लास्टिकचं किंवा पांढऱ्या मातीचं अंडं ठेवा, तिला चालतं. आणि हो, चोच मारली का, तेवढं उलट टपाली कळवा.